एक जानेवारी, बारा वाजून वीस

१

"काका, ही तुमची चेष्टा हाय का?"

मंगळवारी सकाळी सव्वाआठला कारखान्यातून रेश्माचा फोन आला, तेव्हा मी नव्या पेठेतल्या दुकानाचं शटर अर्धं वर करून वाकलो होतो.

"कसली चेष्टा?"

"कॉम्प्युटरवर इंग्रजीत चिठ्ठी आलीया. लाल रंगात. पैशे मागतंय कोणतरी. डिझाईन एकपण उघडंना. काका, खरं सांगा. तुमी असचाल तर आत्ता सांगा, मालक यायच्या आत काढून टाकू."

"आईशप्पथ, मी नव्हं गं."

तिचा विश्वास बसला नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे शंभर असतील, पण माऊसच्या पोटाला चिकटपट्टी लावून मालकाला दोन तास घाम फोडणारा मी एकटाच. हा कुमार पन्नाशी ओलांडून गेला तरी सुधारला नाही, असं लोक म्हणतात. आणि मला, लाज सोडून सांगतो, ते ऐकायला लई आवडायचं.

बाहेर पडताना आतलं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून रेडिओ सरकवून ठेवला. पेन ड्राइव्ह लावून गाणी वाजवायचा तो डबा. गुरुवारी दुरुस्तीला आला होता. एक बटण पार आत बसलेलं, बाकीची नवीकोरी. 'आज करू, उद्या करू' करत त्याचा दाराला अडसर झाला होता.

स्कूटर काढली आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीत सोमशेखरच्या चादरीच्या कारखान्यात गेलो.

चिठ्ठी खरी होती. डिझाईनरूममधल्या जुनाट पडद्यावर लाल चौकट, खाली उलटं धावणारं घड्याळ. चारशे बारा डिझाईनं, एकूण एक कुलूपबंद. फायलींची नावं तीच, पण शेपटाला भलतीच अक्षरं चिकटलेली. बदल झाल्याची तारीख बघितली तर १ जानेवारी २००२, रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं. तेव्हा तर रेश्मा रांगत असंल. म्हटलं, हा व्हायरसचा चावटपणा.

"बॅकअप हाय की न्हाय?" सोमशेखर मागून म्हणाला. त्याच्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्या घामानं फुटल्या होत्या. "दर महिन्याला घेतोस न्हवं तू?"

मी खाली वाकलो. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरच्या डब्यामागं लावलेलीच होती. कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची, हा माझाच नियम. दोन शनिवारांपूर्वी मी कॉपी लावली, कारखान्यातल्या मायाप्पानं चहाला हाक मारली, आणि मी तसाच गेलो. जे लावलेलं असतं ते सगळं असला व्हायरस खातो. म्हणजे डिस्कपण गेली.

सोमशेखरला माझी पाठ दिसत होती, हात नाही. मी डिस्क हळूच काढून पिशवीत टाकली आणि म्हणालो, "बघतो. आधी हे कुणी केलं ते शोधू."

२

हा कॉम्प्युटर अजून जिवंत का, ते सांगतो. चादरीवर मोर, कमळ, रथ उठतात ते मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्डमुळं. कुठला दोरा उचलायचा हे त्या जॅकार्डला कॉम्प्युटर सांगतो. ते सांगणारा प्रोग्रॅम जुन्या विंडोज एक्सपीवरच चालतो. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. एक्सपीला नव्या दुरुस्त्या येणं थांबून दहा वर्षं होऊन गेली. नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे मागच बदलायचे.

म्हणून मीच नियम केले होते आणि पेंटरकडून भिंतीवर लिहून घेतले होते. नेट जोडायचं नाही. मोबाईल लावायचा नाही. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायचा नाही. डिझाईन मागापर्यंत न्यायला एकच पेन ड्राइव्ह, लाल दोरा बांधलेला, खिळ्याला टांगलेला. म्हाताऱ्या माणसाला गर्दीत पाठवत नाहीत, तसं. आठ वर्षं काही झालं नव्हतं.

म्हणजे आता कोणीतरी बाहेरचं काहीतरी लावलं होतं. दुसरी वाट नव्हती.

मी खुर्ची ओढली आणि एकेकाला बोलावलं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. मिशीला पीळ द्यायचा तेवढा राहिला होता.

पहिला शिवू, सोमशेखरचा मुलगा. पुण्यात शिकून आलेला. "हे भंगार फेका," असं वर्षभर बापाच्या कानाशी लागलेला.

"शिवू, आता नवे माग येणार. खूश की नाय?"

"काका, मी शनिवारपासून मैंदर्गीला होतो. मामाच्या पोरीचं लग्न. आत्ता येतोय, हळद बघा नखात. आणि जाळायचंच असतं तर माग जाळले असते, आजोबांच्या डिझाईनला कशाला हात लावू?"

दुसरा मायाप्पा, वळसंगचा. माग दुरुस्त करणारा जॉबर. त्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह निघाला.

"ह्यात काय हाय रं?"

"ट्रॅक्टरवरची गानी. ऐकताय काय?"

"हितं लावलास?"

"तितं लावून काय करू? त्या मशीनला आवाज तर हाय का? स्पीकरची दोन फुटकी डबडी हायती. आन सोमवारी लाईट आल्यापासनं पाच वाजंस्तोवर मी चार नंबरच्या मागाखाली उताना पडलो हुतो. चाळीस मानसं साक्षीला हायती. माजं पाय मोजून बगा म्हनावं."

तिसरी रेश्मा. मंद्रूपहून एसटीनं येते. सहा वर्षांपूर्वी सूत गुंडाळायला आली होती. अप्पांनी, म्हणजे शिवूच्या आजोबांनी, तिचा हात बघितला आणि डिझाईनला बसवली.

"सोमवारी काय केलंस ते सांग."

"आठला आले. मशीन चालू केलं, घड्याळ लावलं, मोराची किनार उघडली. अकराला लाईट गेली. दुपारपर्यंत येत न्हाय म्हणून मालकांनी मला सुट्टी दिली. साडेअकराच्या एसटीनं घरी गेले. आज आले, मायाप्पादादाच्या समोर मशीन चालू केलं, तर घड्याळ लावायच्या आतच ही चिठ्ठी."

"रोज घड्याळ काय लावतेस गं? मुहूर्त काढतेस?"

"सेल मेलाय की आतला! मेन स्विच बंद केला की सगळं इसरतंय. कवापासनं सांगते, सेल बदला, सेल बदला."

"पुढल्या वेळी आणतो." हे मी वर्षभर म्हणत होतो.

राहिले अप्पा. सोमशेखरचे वडील, चनबसप्पा. वय अठ्ठ्याहत्तर. ह्या चारशे बारा डिझाईनांचा बाप. हात थरथरायला लागले तशी पेन्सिल सुटली. गेली दोन वर्षं ते शेजारी बसून बोलतात आणि रेश्मा कॉम्प्युटरवर काढते. त्यांना काय विचारायचं? ते कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवरचे हात बघत बसले होते. मी त्यांच्या पाया पडलो आणि डब्याकडं वळलो.

पुढच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेत पांढरं काहीतरी होतं. चादरीच्या कारखान्यात सुताची धूळ कुठं नसते? फुंकर मारली, बोट पँटला पुसलं.

आणि तेव्हाच डब्यामागं एक वायर दिसली. मोबाईलची.

३

"ही कुणाची?"

"माजी," रेश्मा म्हणाली. "पन भिंतीच्या बोर्डाला लावते, काका. मशीनला न्हाय."

"मोबाईल दे."

तिनं देताना जरा हात मागं घेतला. तेवढं पुरलं मला. फोटो उघडले तर मोर, कमळ, रथ, गोपूर. पडद्यावरच्या डिझाईनांचे फोटो, पन्नास-साठ तरी.

सोमशेखरचा चेहरा उतरला. सोलापुरात डिझाईन बाहेर जाणं म्हणजे घरातली लेक पळून जाण्याइतकं.

"कुणाला पाटवलीस?"

"कुणाला न्हाय, मालक."

"मग कशाला काढलीस?"

मी उभा राहिलो. बाहेर माग थांबले होते, दारात वीस-पंचवीस माणसं जमली होती. प्रेक्षक दिसले की माझी जीभ सुटते.

"सांगतो," मी म्हणालो. "फोटो काढून काढून बॅटरी उतरली. वायर मशीनला लावली. मोबाईलमध्ये जे होतं ते मशीनमध्ये गेलं. नियम भिंतीवर हाय, दीड फुटाच्या अक्षरात. मंद्रूपच्या शाळेत वाचायला शिकवत नाहीत काय?"

दोघं-तिघं हसले. माझ्या विनोदाला हसायची सवयच होती त्यांना.

रेश्मा हसली नाही, रडलीही नाही. तिनं एकदा कोपऱ्यातल्या अप्पांकडं बघितलं. अप्पा हातांकडंच बघत होते. मग तिनं जेवणाचा डबा पिशवीत घातला.

"शुक्रवारी मोराची किनार मागावर चढायची हुती," सोमशेखर म्हणाला. "गुरुवारपर्यंत डिझाईन परत आली न्हाईत तर मी पोलिसात तुजं नाव देनार. चोरी म्हनून. उद्यापासनं येऊ नगं."

"मालक, चोरी म्हनू नगा. गावात त्योंड कसं दावू?"

ती गेली. मी कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर पायाशी बांधला आणि वाटेत शीळ घालत आलो. गुन्हेगार अडीच तासांत सापडला होता, आणि डिस्कबद्दल कोणी अक्षर विचारलं नव्हतं.

४

दुकानात डबा उघडला. काही फायली परत येतात का बघू म्हणून यादी काढली. कुलूपबंद फायलींसमोर एकच तारीख. १ जानेवारी २००२, बारा वीस, बारा एकवीस, बारा बावीस.

खाली प्रोग्रॅमची स्वतःची नोंद होती. कोणतं डिझाईन कधी जतन केलं त्याची. तिला व्हायरसनं हात लावला नव्हता. शेवटची ओळ: मोराची किनार, सोमवार, सकाळी १०.५२. तारीख बरोबर, वेळ बरोबर.

चहा मागवला होता. तो तसाच राहिला.

मेन स्विच बंद झाला की मशीन सगळं विसरतं आणि पुन्हा चालू केलं की १ जानेवारी २००२, रात्री बारापासून मोजायला लागतं. म्हणजे तो व्हायरसचा चावटपणा नव्हताच. मशीन सुरू झाल्यावर बरोबर वीस मिनिटांनी कुलपं लागायला सुरुवात झाली, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या वीस मिनिटांत मशीनपुढं जो बसला होता, त्यानं घड्याळ लावलं नव्हतं.

रेश्मा घड्याळ लावल्याशिवाय माऊसला हात लावत नाही. सहा वर्षं, रोज.

मी मायाप्पाला फोन लावला. "सोमवारी लाईट किती वाजता गेली नि आली?"

"वहीत बगून सांगतो." मागाच्या वहीत ते लिहावंच लागतं. "गेली अकरा धाला. आली येक पाचला. का हो?"

अकरा दहाला मशीन बंद पडलं. साडेअकराला रेश्मा एसटीत. एक पाचला लाईट आली. म्हणजे मशीन पुन्हा कोणीतरी चालू केलं, दुपारी एकनंतर. संध्याकाळी मेन स्विच बंद. मंगळवारी ती आली तेव्हा चिठ्ठी आधीच तयार.

"मायाप्पा, दुपारी एकनंतर डिझाईनरूममध्ये कोण होतं?"

"जेवायची सुट्टी की. मानसं मागापाशीच जेवत हुती. कोन असनार? अप्पा आसत्यात तेवडं. पूजा करून तितंच जेवत्यात."

फोन ठेवला आणि पँटकडं बघितलं. मांडीवर सकाळचा डाग तसाच होता. सुताची धूळ झटकली की उडते. हा डाग पांढरट, मऊ, कापडात मुरलेला. बोटानं चोळला आणि नाकाशी नेला.

विभूती.

अप्पा जेवणाआधी हातात इष्टलिंग घेऊन पूजा करतात, तीन बोटांनी कपाळाला विभूती लावतात. त्याच बोटांनी त्यांनी त्या खाचेत काहीतरी लावलं होतं.

५

पण काय? अप्पांजवळ मोबाईल नाही. मोबाईल आणलाच होता शिवूनं, त्यांनी तो देव्हाऱ्यामागं ठेवून दिला. पेन ड्राइव्ह ही वस्तू त्यांच्याकडं कुठून येणार?

दार आपटलं. वाऱ्यानं रेडिओ सरकला होता.

मी तो उचलून टेबलावर ठेवला. पाच बटणं. चार नवीकोरी. पाचवं, 'मागे'चं, आत बसलेलं. गाणं संपलं की पुन्हा मागं नेण्याचं.

हा रेडिओ अप्पांचा होता.

आता जरा थांबून सांगतो, कारण हे लिहिताना कानशिलं तापतात. काशम्मा, म्हणजे अप्पांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या हातची शेंगाची पोळी मी पंधरा वर्षं खाल्ली. नागपंचमीला झोक्यावर म्हणायची कन्नड गाणी तिनं कधीतरी कॅसेटवर भरून ठेवली होती. कॅसेट शिवूला सापडली. मी ती पेन ड्राइव्हवर उतरवून दिली, महिन्यापूर्वी. फुकट. अप्पांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले.

पण नुसतं चांगलं काम करून मला कधी जमलंय? म्हटलं, म्हाताऱ्याला जरा दचकवू. नेटवर पुरुषाचा आवाज बाईचा करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मिळाला. उतरवायला लागलो तर माझा अँटीव्हायरस बोंबलायला लागला. मी त्याचं तोंड बंद केलं. प्रोग्रॅम चालवला, माईकपुढं बसलो, काशम्माची ढब काढली. शेवटच्या गाण्यानंतर जरा वेळ शांतता, आणि मग बाईच्या आवाजात मी:

"बर्री, ऊट माडरी."

या, जेवा. तीन शब्द. भरताना मी इतका हसलो की दोनदा पुन्हा करावं लागलं.

टेबलावरच्या रेडिओचं 'मागे'चं बटण बघत राहिलो. अप्पा दचकले नव्हते. त्यांनी ते एवढ्या वेळा ऐकलं होतं की बटण मोडलं. रेडिओला व्हायरस लागत नाही, त्यामुळं महिनाभर काही झालं नाही. गुरुवारी रेडिओ माझ्याकडं आला, पेन ड्राइव्ह अप्पांकडंच राहिला. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार दिवस त्यांना जेवायला कोणी बोलावलं नाही.

मी माझ्या कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस चालू केला. त्यानं अर्ध्या मिनिटात तो आवाजाचा प्रोग्रॅम धरला आणि लाल अक्षरात नाव दाखवलं. तेच नाव सकाळच्या चिठ्ठीच्या खाली होतं; गाणी भरताना तो पेन ड्राइव्हवरपण चढला होता. माझा कॉम्प्युटर नवा, दुरुस्त्या घेतलेला, तो वाचला. एक्सपीला कोण वाचवणार? त्याला वाचवायला भिंतीवरचे नियम होते, आणि ज्यानं ते लिहिले, त्यानंच मोडले होते.

अडीच तासांत गुन्हेगार पकडला म्हणून शीळ घालत आलो होतो. गुन्हेगार तर डबा पायाशी बांधून स्कूटर चालवत होता.

६

बुधवारी मंद्रूपचा बाजार. रेश्माचं घर विचारत विचारत गेलो. ती दारात शेंगा निवडत बसली होती. आईनं पाणी दिलं, तिनं मान वर केली नाही.

"रेश्मा, अप्पांनी लावला पेन ड्राइव्ह."

"ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"काल सकाळपासनं. माऊसवर इबूत हुती. खुर्ची जवळ वढलेली. त्या फुटक्या डबड्यांचा आवाज पार वर." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "अप्पांनी मला मोराची मान कशी वळवायची ते शिकवलं, काका. हात धरून. त्येंचा हात थरथरायचा, तर माजापन थरथरायचा. मानसांसमोर त्येंचं नाव घेऊ?"

"मला तरी सांगायचं."

"तुमी इचारलंत कुटं? तुमी तर सांगत हुता."

मी तिच्यासमोर अंगणात खाली बसलो.

"अजून एक हाय," मी म्हणालो. "त्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस मी घातला. चेष्टा करताना. आणि बॅकअपची डिस्क मीच लावून सोडली होती. काल पिशवीत लपवली."

तिनं आता बघितलं.

"मला म्हाईत असतं तर कालच तुमचं नाव घेतलं असतं," ती म्हणाली. "तुमचं घ्यायला मला काय वाटलं नसतं."

"घे की आता. चल."

"मी न्हाय. जितं त्या शाळेचं बोललात न्हवं, तितं तुमीच बोलायचं. तेवड्याच मानसांसमोर. हसली हुती ती पन असायला पायजेत."

मी व्हय म्हणालो. ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून तीन वह्या घेऊन आली. आलेखाच्या. पानापानावर चौकोन भरलेले, मोर, कमळ, गोपूर.

"अप्पांचा हात गेल्यापासनं जी डिझाईनं झाली, त्येंचा कागद कुटंच न्हाय. नुसती त्या मशीनमंदी. त्या म्हाताऱ्या मशीनवर माजा इश्वास न्हवता. म्हनून फोटू काढायचे, घरी येऊन वहीत उतरवायचे. काल सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, चोरून कुनाला इकायला काढलीस." ती थांबली. "एकसष्ट हायती. पंचेचाळीस झाली. बाकीची फोटूवरनं हुतील. मोराची किनार तेवडी ऱ्हायली. तिचा फोटू काढलाच न्हवता, सोमवारी लाईट गेली."

७

त्याच दुपारी एक वाजता कारखान्यात माग थांबले. मी सगळ्यांना डिझाईनरूमच्या दारात बोलावलं. रेश्मा मागं, भिंतीला टेकून. अप्पा स्टुलावर. पूजा नुकती झालेली, बोटं पांढरी.

मी तोंड उघडायच्या आत अप्पा उठले. "सोमा," ते म्हणाले, "त्या पोरीचं काय न्हाय. मी—"

"अप्पा, बसा," मी म्हणालो. "तुमी नाय. मी."

आणि सांगितलं. घड्याळाचं, बारा वीसचं, सेलचं, जो मी वर्षभर आणला नाही. लावून सोडलेल्या डिस्कचं. ती पिशवीत टाकल्याचं. अप्पांना मी गाणी भरून दिली आणि त्यात माझ्या हातून व्हायरस गेला, हे. "नियम मी लिहिले, मीच मोडले आणि हिला वाचता येत नाही म्हणालो. हिला येतं. मला येत नाही." कोणीतरी सवयीनं हसायला लागला, कारण मी बोलत होतो. मायाप्पानं त्याच्याकडं बघितलं तसा तो थांबला.

तो तीन शब्दांचा भाग तेवढा मी गाळला. 'चेष्टा करताना' एवढंच म्हणालो.

सोमशेखर ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "पंधरा वर्षं घरात जेवलास, कुमार," एवढं म्हणाला आणि रेश्माकडं वळला. मालकानं कामगाराला हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले. तिनं वह्या टेबलावर ठेवल्या.

"मालक, मोराची किनार शुक्रवारी हुनार न्हाय," ती म्हणाली. "पुढल्या शुक्रवारी हुईल. अप्पा सांगतील, मी काढते. आदी कागदावर."

जुनी साडेतीनशे अप्पांच्या हातच्या आलेखावर होतीच, लोखंडी कपाटात. मशीन परत आणलं होतं, ते मी पुसून पुन्हा उभं करणार होतो, फुकट, आणि सेल आणला होता. बोटाच्या नखाएवढा. तो बसवायला दोन मिनिटं लागली. वर्षभरातली दोन मिनिटं.

भिंतीवरच्या नियमांखाली रेश्मानं खडूनं एक ओळ वाढवली: कुमारकाकांचा पेन ड्राइव्ह चालणार नाही. पेंटरला बोलावून ती पक्की करून घ्या, असं मीच सोमशेखरला सांगितलं.

माणसं जेवायला पांगली. मी पिशवीतून रेडिओ काढून अप्पांसमोर ठेवला. बटण नवं बसवलं होतं. गाणी साफ करून नव्या पेन ड्राइव्हवर भरली होती. शेवटच्या गाण्यापर्यंतच.

"अप्पा, शेवटी एक ओळ होती... ती काशम्माची—"

"ती तुजी हाय," अप्पा म्हणाले. "ठाव हाय मला."

"कधी कळलं?"

"पैल्याच दिवशी. तिनं मला कंदीच 'बर्री' म्हनून बोलावलं न्हाय. ताट वाडून वाटी आपटायची. मी समजून जायाचं." त्यांनी रेडिओच्या नव्या बटणावरून अंगठा फिरवला. "पन घरात सोमाला काम, सुनंला काम, शिवूच्या कानात त्ये दोरं. ताट झाकून ठेवत्यात, वाईट न्हायती कोन. तू चेष्टा केलीस, पन बोलावलंस तरी. म्हनून ऐकत हुतो."

माझ्या चेष्टेला आजवर लोक हसले, चिडले, मागं धावले. कोणी ती रोज दुपारी मागं नेऊन नेऊन ऐकली नव्हती.

"ह्यात ठेवलीस न्हवं ती ओळ?"

"नाय, अप्पा. काढून टाकली."

"मग आता तूच म्हन. त्या बाईच्या आवाजात नगं. तुज्या."

आयुष्यात मी शंभर आवाज काढलेत. मालकांचे, फौजदारांचे, बायकांचे. माझा स्वतःचा त्यांत कधी नव्हता.

"बर्री, अप्पा," मी म्हणालो. "ऊट माडरी."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, एक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सरकवली. भाकरीच्या काठाला त्यांच्या बोटांची विभूती लागली होती. मी ती पुसली नाही.